नायकाची तलवार आणि मोठा आकडा

'फायनल फॅन्टसी सेव्हन' हा गेम १९९७ साली प्लेस्टेशनवर आला आणि त्याच्याबरोबर एक तलवार जगभर पोचली. क्लाउड स्ट्राइफ या नायकाच्या पाठीवरची 'बस्टर सोर्ड'. जवळजवळ त्याच्याच उंचीची, रुंद पात्याची, खऱ्या माणसाला उचलणंही जड जावं अशी. त्या तलवारीशिवाय क्लाउडचं चित्र सहसा कुणी काढत नाही. प्रत्यक्ष गेममध्ये मात्र वेगळंच घडतं. मिडगार शहरातला पहिला मोठा भाग संपवून खेळाडू बाहेर पडतो, काल्म नावाच्या गावात येतो, आणि तिथल्या दुकानात याहून सरस तलवार विकायला ठेवलेली असते. तिचा आकडा मोठा असतो. खेळाडू ती विकत घेतो. जिच्यामुळे नायकाची ओळख घडली, ती तलवार सामानाच्या यादीत खाली पडून राहते.

नायक आणि तलवार यांच्या नात्याचा विचार करताना मला हा विरोध सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. महाकाव्यातल्या वीराला एक शस्त्र जन्मभर पुरतं. गेममधल्या वीराला दर काही तासांनी नवं शस्त्र द्यावं लागतं, कारण आपण पुढे सरकलो हे समाधान खेळाडूला त्यातूनच मिळतं. कथा सांगते, ही तलवार तुझी. हिशेब सांगतो, हिच्यापेक्षा पुढची चांगली. गेल्या चाळीस वर्षांत गेम घडवणाऱ्यांनी या भांडणाचा निवाडा नाना तऱ्हांनी केला आहे. माझं मत आधीच सांगतो: जिथे आकड्याला हरू दिलं, तिथेच तलवार खऱ्या अर्थाने नायकाची झाली.

सुरुवातीच्या काळात तलवारीचं काम साधं होतं. पडदा लहान, रंग मोजके, नायक म्हणजे सोळा गुणिले सोळा ठिपक्यांची आकृती. चेहऱ्यावर भाव दाखवायला जागाच नव्हती. हातातून सरळ पुढे येणारं पातं मात्र लगेच दिसायचं आणि खेळाडूने बटण दाबल्याची पावतीही तेच द्यायचं. १९८६ साली निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी केलेला 'द लेजंड ऑफ झेल्डा' सुरू होतो तेव्हा लिंक हा नायक रिकाम्या हाताने मैदानात उभा असतो. समोर गुहेचं काळं तोंड. आत एक म्हातारा, आणि त्याने देऊ केलेली लाकडी तलवार. ती घ्यावी असं बंधन नाही. ती न घेताच अख्खा गेम खेळत अगदी शेवटच्या गॅनन या खलनायकापर्यंत पोचणारे खेळाडू झाले, आणि तिथे मात्र तलवारीवाचून अडलं.

त्या पहिल्या गेममध्येच पुढच्या सगळ्याचं बीज आहे. पांढरी तलवार हवी तर जीवनशक्ती मोजणारी पाच हृदयं लागतात, जादुई तलवारीला बारा. म्हणजे पैसे मोजून ती मिळत नाही, आधी अंगात तेवढं बळ यावं लागतं. शिवाय लिंकची सगळी हृदयं भरलेली असतील तेव्हाच पात्यातून दूरवर मारा करणारा झोत निघतो. एक जखम झाली की तो झोत बंद. नायकाचं शरीर आणि त्याची तलवार यांना एकाच धाग्यात बांधण्याची ही युक्ती आजही मला अतिशय सुंदर वाटते.

तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' केला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरांत आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये जे संगणक आले, त्यांतल्या अनेकांवर हा गेम असे. त्यामुळे मराठी वाचकांतही कित्येकांच्या बोटांना तो आठवत असेल. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. तलवारबाजी घेतली १९३८ च्या रॉबिन हूड चित्रपटातल्या एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वावरून. राजपुत्रही रिकाम्या हातानेच तळघरात पडतो आणि तलवार त्याला शोधावी लागते. पुढे आरशातून उडी मारताना त्याची सावली त्याच्यापासून सुटते आणि शेवटाजवळ तीच तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर वार करावा तर जखम आपल्यालाच होते. उपाय एकच: तलवार म्यान करायची आणि सावलीच्या अंगावर सरळ चालून जायचं. दोघं एक होतात. साठ मिनिटांच्या घाईत, एवढा वेळ जिच्या भरवशावर आलो ती तलवार खाली ठेवायची, हे खेळाडूला कुणी सांगत नाही. ते त्याला स्वतःला सुचावं लागतं. नायक आणि तलवारीच्या नात्यात तलवार न वापरण्यालाही जागा असते हे इतक्या लवकर, इतक्या थोड्या साधनांत कुणी दाखवलं असेल असं मला वाटत नाही.

आता 'मास्टर सोर्ड'. हिच्याजवळ थोडं थांबायला हवं. १९९१ च्या 'अ लिंक टू द पास्ट'मध्ये ती पहिल्यांदा दिसली. घनदाट हरवलेल्या रानात दगडात रोवलेली. शौर्य, सामर्थ्य आणि शहाणपण यांची तीन पदकं गोळा केल्याशिवाय ती निघत नाही. दगडातली तलवार युरोपातल्या आर्थर राजाच्या कथांतून आली हे उघड आहे. पण आर्थर तलवार उपसतो तेव्हा तो राजा ठरतो. लिंक कधीच राजा होत नाही. त्याला मिळते ती फक्त जबाबदारी.

१९९८ च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये ही जबाबदारी किती जड आहे ते कळतं. छोटा लिंक काळाच्या मंदिरात तलवार उपसतो आणि वयाने लहान म्हणून सात वर्षं झोपेत ठेवला जातो. जागा होतो तेव्हा जग उद्ध्वस्त झालेलं असतं, कारण त्याने तलवार उपसल्यामुळेच खलनायकाला पवित्र प्रदेशाची वाट मोकळी झाली. तलवार मिळाली, बालपण गेलं. पुढे मंदिरात जाऊन ती परत रोवली की लिंक पुन्हा लहान होतो, आणि लहान लिंकला ती पेलत नाही. शेवटच्या लढाईत तर गॅनन ती त्याच्या हातातून उडवून आगीच्या रिंगणापलीकडे फेकतो. इथे खेळाडूला प्रथमच जाणवतं की आपण एवढे तास कशाच्या आधाराने लढत होतो.

नंतरच्या अनेक झेल्डा गेम्सनी या तलवारीला काहीतरी नवं दिलं. 'द विंड वेकर'मध्ये ती समुद्राच्या तळाशी बुडालेल्या राज्यात मिळते आणि निस्तेज झालेली असते. शेवटी ती खलनायकाच्या मस्तकात रुतते आणि त्याच्यासह दगड होते. 'स्कायवर्ड सोर्ड' (२०११) हा तिच्या जन्माचा गेम. तीन पवित्र ज्वाळांत पात्याला पाणी दिलं जातं आणि तलवारीत राहणारी फाय ही आत्मारूप सोबतीण लिंकशी टक्केवारीच्या कोरड्या भाषेत बोलते. अनेकांना तिचं बोलणं कंटाळवाणं वाटलं. मला वाटतं तिच्या निरोपाचा प्रसंग त्या कोरडेपणामुळेच लागतो: आयुष्यभर शक्यता मोजणारी फाय निघताना जे बोलते त्यात पहिल्यांदा माया असते, आणि मग ती कायमची झोपी जाते.

त्या गेममध्ये खेळाडूच्या मनगटाचाही हिशेब होता. हातातला रिमोट जसा फिरेल तशी तलवार फिरायची. शत्रू डावीकडून अडवत असेल तर उजवीकडूनच वार. याच्याशी जोडलेली एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. लिंक मुळात डावखुरा. 'ट्वायलाइट प्रिन्सेस' (२००६) हा गेम वी यंत्रावर आणताना अडचण आली, कारण बहुतेक खेळाडू रिमोट उजव्या हातात धरणार. मग निन्टेन्डोने अख्खं जगच आरशात पाहावं तसं उलटं केलं. सूर्य पश्चिमेला उगवू लागला, नकाशे फिरले, आणि लिंक उजव्या हाताचा झाला. तलवार खेळाडूच्या आणि नायकाच्या एकाच हातात असली पाहिजे, म्हणून एवढा खटाटोप.

आकड्याचा प्रश्न झेल्डाने सोडवला तो २०१७ मध्ये, 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये. या गेममध्ये शस्त्रं मोडतात. चांगली तलवार मिळाली म्हणून जीव लावावा तर थोड्याच लढायांत तिचे तुकडे होतात. त्याबद्दल खेळाडूंनी पुष्कळ तक्रारी केल्या. पण या सतत मोडणाऱ्या जगात एकच पातं मोडत नाही. मास्टर सोर्ड फार तर थकते, आणि दहा मिनिटांनी पुन्हा हाती येते. ती उपसायला तेरा पूर्ण हृदयं लागतात. अपुऱ्या बळाने ओढत राहिलात तर लिंकचा प्राण जातो. तिची मारक शक्ती तीस, त्याच गेममध्ये याच्या दुपटीहून मोठ्या आकड्यांची शस्त्रं पडलेली मिळतात, तरी ती कुणी टाकून देत नाही. भोवतालचं सगळं नाशवंत केल्यामुळे एका वस्तूला टिकाऊपणाचं मोल आलं. मला हे या क्षेत्रातलं सर्वांत विचारी उत्तर वाटतं. २०२३ च्या 'टिअर्स ऑफ द किंगडम'मध्ये तर तीही सुरुवातीलाच झिजून मोडते, आणि तिला बरं करण्यासाठी राजकन्या झेल्डा स्वतःचं माणूसपण सोडून ड्रॅगन होते. हजारो वर्षं ती तलवार मस्तकात घेऊन आकाशात फिरते. खेळाडू तिच्या डोक्यावर उभा राहून ती उपसतो तेव्हा त्या मुठीत दोन माणसांचं आयुष्य असतं.

पुन्हा क्लाउडकडे. बस्टर सोर्डची ताकद तिच्या आकारात नाही, ती दुसऱ्याची आहे यात आहे. स्वतःला सैन्यातल्या सर्वोच्च दर्जाचा योद्धा समजणारा क्लाउड प्रत्यक्षात साधा शिपाई होता. तो योद्धा होता त्याचा मित्र झॅक. प्रयोगशाळेच्या कैदेतून झॅकने क्लाउडला सोडवलं, अर्धवट शुद्धीतल्या त्याला मिडगारच्या वेशीपर्यंत आणलं आणि तिथे सैनिकांच्या गोळ्यांनी तो मेला. क्लाउडने त्याची तलवार उचलली, आणि तिच्याबरोबर त्याच्या आठवणी, त्याची बोलण्याची ढब, त्याचं आयुष्यही नकळत अंगावर घेतलं. म्हणजे तीस-चाळीस तास खेळाडू ज्या नायकाला ओळखतो तो निम्मा तलवारीच्या जुन्या मालकाचा बनलेला असतो. हे सत्य सांगणारा झॅकच्या मृत्यूचा प्रसंग मूळ गेममध्ये ऐच्छिक होता. खेळाडू एका जुन्या वाड्याच्या तळघरात परत गेला तरच तो दिसायचा. कित्येकांनी तो न पाहताच गेम संपवला.

गेम काढणाऱ्या कंपनीने पुढे ही कसर भरून काढली. २००७ च्या 'क्रायसिस कोर'मध्ये तलवारीचा आणखी मागचा इतिहास आला. ती झॅकच्या गुरूची, एंजीलची. घराच्या प्रतिष्ठेची खूण म्हणून त्याच्या कुटुंबाने कर्ज काढून घडवून घेतलेली. झिजेल, गंजेल म्हणून एंजील ती सहसा वापरतच नसे. त्याच्या मृत्यूनंतर ती झॅककडे आणि झॅकच्या मृत्यूनंतर क्लाउडकडे आली. त्याआधी आलेल्या 'ॲडव्हेंट चिल्ड्रन' या २००५ च्या चित्रपटात ती कड्यावर झॅकच्या स्मारकासारखी रोवलेली आणि गंजलेली दिसते. आणि २०२० च्या 'रीमेक'मध्ये अखेर हिशेबही कथेच्या बाजूने आला: प्रत्येक तलवार सुधारता येऊ लागली, त्यामुळे बस्टर सोर्ड शेवटच्या लढाईपर्यंत हातात ठेवता येते. तेवीस वर्षांनी आकडा आणि आठवण एका ठिकाणी आले. कित्येक खेळाडू दुसरी तलवार हाती असूनही हिच्याकडे परत जातात, आणि मला त्यात काही नवल वाटत नाही.

हीच वाट 'फायनल फॅन्टसी टेन'नेही थोडक्यात चालून पाहिली. तिथे वाक्का आपल्या मेलेल्या भावासाठी घेतलेली तलवार अनोळखी नायक टायडसला देतो. 'क्रोनो ट्रिगर'मधला बेडकाचं रूप मिळालेला योद्धा मोडक्या मासामुने तलवारीची मूठ जपून ठेवतो, कारण ती तुटली त्या दिवशी त्याचा मित्र मारला गेला. 'फायर एम्ब्लेम'ची फाल्शिअन फक्त एका घराण्याच्या हाताला दाद देते. रक्तावर ठरलेलं नातं मला कमी भावतं, कारण त्यात नायकाला काही कमवावं लागत नाही. त्यापेक्षा 'किंगडम हार्ट्स' (२००२) बरा. तिथे ऐन मोक्याला किल्लीच्या आकाराची तलवार नायक सोराचा हात सोडून मूळ हक्कदाराकडे, रिकूकडे जाते. सोराच्या हातात उरते मुलांच्या खेळातली लाकडी तलवार. तो तीच घेऊन पुढे जातो, त्याला वाचवायला मित्र आडवा येतो, आणि मग किल्ली आपणहून त्याच्याकडे येते.

उलटी बाजूही पाहिली पाहिजे. 'वॉरक्राफ्ट थ्री'मध्ये (२००२) राजपुत्र आर्थस आपल्या प्रजेला वाचवण्यासाठी बर्फातली फ्रॉस्टमोर्न उचलतो. ही तलवार शापित आहे हा इशारा तिच्याखालीच कोरलेला असतो, सोबती तो वाचूनही दाखवतो. आर्थस थांबत नाही. थोड्याच काळात तो त्याच तलवारीने सिंहासनावरच्या आपल्या बापाला मारतो. इथे खेळाडू प्रेक्षक नसतो. आर्थसला त्या बर्फापर्यंत एकेक पाऊल चालवत त्यानेच नेलेलं असतं. अधिक ताकदीचं शस्त्र घ्यायचं ही गेमने लावलेली सवय इथे सापळा बनते. 'सोल एज' मालिकेतला सीगफ्रीडही असाच. बापाला आपणच मारलं हे मनाने पुसून टाकलेला, आणि त्याच्या खुनाचा सूड घ्यायला दुष्ट तलवारीच्या मागे लागलेला. शेवटी तलवारच त्याला धारण करते.

'द विचर'चा गेराल्ट मात्र या आढाव्यात वेगळा पडतो. आंद्झेय सापकोव्हस्की या पोलिश लेखकाच्या कथांतून आलेल्या या नायकाच्या खांद्यावरून २०१५ च्या तिसऱ्या गेममध्ये दोन मुठी डोकावतात, एक पोलादी तलवारीची, एक चांदीच्या. पण त्या दोन कोणत्या, हे दर थोड्या वेळाने बदलतं. त्याचं नातं तलवारींच्या जोडीशी आहे, एखाद्या तलवारीशी नाही. गेम उत्तमच आहे, पण गेराल्टच्या कुठल्या तलवारीवर माझा जीव जडला नाही.

'फ्रॉमसॉफ्टवेअर' या जपानी स्टुडिओने या प्रश्नाची दोन टोकं हाताळली. 'डार्क सोल्स'मध्ये (२०११) आर्टोरियस या सरदाराच्या थडग्याजवळ त्याचा प्रचंड लांडगा सिफ धन्याची तलवार दातांत धरून लढतो. जखमी झाला की लंगडतो, पडतो, तरी तलवार सोडत नाही. पुढच्या वर्षी आलेल्या जोडभागात खेळाडूने भूतकाळात जाऊन लहानग्या सिफला वाचवलं असेल, तर या लढाईपूर्वी तो खेळाडूला वास घेऊन ओळखतो, आणि तरीही लढतो. तलवारीवरची निष्ठा माणसापेक्षा लांडग्याच्या जबड्यात अधिक दिसावी, यासारखी कल्पना मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये सापडली नाही.

दुसरं टोक 'सेकिरो' (२०१९). नायक वुल्फ पराभूत होऊन विहिरीत पडलेला असतो. त्याचा छोटा धनी कुरो त्याला कुसाबिमारू ही तलवार परत देतो, आणि मग शेवटपर्यंत मुख्य तलवार तीच. दुकानात दुसरी मिळत नाही. देवळातला शिल्पकार वुल्फच्या कृत्रिम हातातली अवजारं सुधारून देतो, पण तलवारीला हात लावत नाही. शत्रूचं पातं येईल त्या नेमक्या क्षणी आपलं पातं आडवं धरायचं, ठिणगी उडते, समोरच्याचा तोल ढळत जातो. पहिल्या दिवशी जी तलवार निरुपयोगी वाटली होती तीच पुढे सगळं करू लागते. नायकाचं बळ थोडंफार वाढतं, पण खरा फरक पडतो तो खेळाडूच्या हातात. एका वाद्यावर वर्षानुवर्षं रियाज करणाऱ्याला हे नातं समजावून सांगावं लागणार नाही.

याच्या अगदी उलट 'माइनक्राफ्ट'. तिथे ना कथा, ना भविष्यवाणी. हिऱ्याची तलवार खेळाडू स्वतः बनवतो, तिला १,५६१ वारांचं आयुष्य असतं, आणि ऐरणीवर नेऊन तिला हवं ते नाव देता येतं. आपल्या मुलांच्या पिढीने हे नामकरण फार गंभीरपणे घेतलं आहे. दूर खाणीत मरण आलं तर सामान तिथेच पडतं आणि जवळ असताना पाच मिनिटांत नाहीसं होतं. नाव दिलेल्या तलवारीसाठी अंधारातून धावत परत जाणारं मूल मी पाहिलं आहे. दुसरी तलवार बनवायला त्याच्याकडे हिरे होते.

तलवारीला नाव असतं आणि ती माणसाच्या चरित्राचा भाग असते, हे मराठी माणसाला सांगायला नको. शिवाजी महाराजांची भवानी आपण लहानपणापासून ऐकतो. कोल्हापूर दरबाराने १८७५-७६ च्या भारतभेटीत ब्रिटिश युवराजाला दिलेली जगदंबा तलवार लंडनच्या राजसंग्रहात आहे, आणि ती परत यावी ही भावना अजून ताजी आहे. गेममध्ये मात्र हा धागा कमी विणला गेला. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये 'राजी' केला, त्यात पळवून नेलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीला दुर्गेकडून त्रिशूळ मिळतो. त्या त्रिशुळाची फेक आणि फिरकी हातात छान बसते. पण तो येतो देवतेकडून, आणि देवतेच्या शस्त्राला मागचे मालक नसतात.

आपल्याकडच्या फिरंग तलवारीला ते असतात. पातं युरोपात घडलेलं, जहाजातून कोकणच्या किंवा गोव्याच्या बंदरात उतरलेलं, मूठ इथल्या कारागिराने बसवलेली, आणि मग बापाकडून लेकाकडे आलेली. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या स्टुडिओने अशी एकच तलवार घेऊन तीन पिढ्यांचा गेम करावा. मूठ बदलत जावी, पातं तेच राहावं. आजोबा म्हणून खेळताना खेळाडूने जिथे चुकीचा वार अडवला तिथली खाच नातवाच्या हाती तलवार येईल तेव्हाही पात्यावर दिसावी, आणि तिच्यामुळे नातवाचा वार थोडा वेगळा बसावा.